चाचणी नावाचं गाव

गाडी विकायला आलेला माणूस बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक सांगू लागायचा, तेव्हा मिस्त्री गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसलेले असायचे. पुढे काय चाललंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. मागचा हुक हाताने हलवून बघायचा, चेसिसवरून बोट फिरवायचं, मग जमिनीला गाल टेकवून गाडीचं पोट खालून बघायचं. विकणारा बोलून बोलून थकला की मिस्त्री गुडघ्यावरची धूळ झटकत उठायचे आणि म्हणायचे, "पुढून सगळ्याच गाड्या नवरीवानी दिसतेत. वझं मागं असतंय. मागून बघाव."

त्यांना सगळं ऑफिस मिस्त्रीच म्हणायचं. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तो हजेरीपट मीच लिहायचो, पण ते नाव इथे लिहिणार नाही. नको तिथे एकदा लिहून झालंय, तेवढं पुरे.

मूळचे ते उदगीरकडचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर एक मळकं फडकं. सकाळी स्वतःला भस्म लावलं की उरलेलं बोट गाडीच्या बॉनेटला लावायचे. माणसांशी मराठीत बोलायचे आणि इंजिनाशी कानडीत. चढावर दमून, वाफा टाकत उभी राहिलेली गाडी दिसली की बॉनेटवर तळवा ठेवून म्हणायचे, "साकू, साकू." साकू म्हणजे पुरे. त्यानंतर कोणी कितीही घाई केली तरी त्या गाडीला अर्धा तास हात लावू द्यायचे नाहीत.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. येत नव्हती म्हणण्यापेक्षा त्यांनी ती शिकायचीच नाही असं ठरवलं होतं. जीपमध्ये ते बसायचेसुद्धा नाहीत. कुठेही जायचं असलं की एसटी, नाहीतर पाय. आमचे साहेब एकदा चिडून म्हणाले, "अहो, गाडी पारखायची तर आत बसायला नको?" त्यावर मिस्त्री शांतपणे म्हणाले, "आत बसणाराचे गाडी लाड करती साहेब. खरं वागणं मागून चालणाराला दिसतंय." ते खरोखरच मागून चालत. ओझं घेऊन गाडी चढाला लागली की हातात एक मोठा दगड घेऊन ते ट्रॉलीमागे चालू लागायचे. गाडी थांबली, मागे सरकायला लागली, की दगड चाकाखाली. तो दगडही ठरलेला होता, काळा, एका बाजूने चपटा. वर्कशॉपच्या दारात तो ठेवलेला असायचा आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. नव्या जिल्ह्याची ऑफिसं मिळेल त्या जागेत बसली होती. आमचं एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारात होतं. कपाटं आणि टेबलं जुन्या जिल्ह्यातून ट्रकने आली, ती निम्मी लंगडी. शिक्के यायचे होते, म्हणून छापील कागदांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पेनाने खोडून आम्ही वर नवं नाव लिहायचो. दिवसाचा पहिला तास माझा त्यातच जायचा. जिल्हा झाला म्हणून चौकात पेढे वाटले होते, आणि पेढे खाऊन झाल्यावर प्यायला पाणी नव्हतं. पाऊस दोन वर्षं नुसता तोंड दाखवून गेला होता. माझ्याकडे काम होतं पाण्याच्या पावत्यांचं. कुठल्या विहिरीवरून किती पाणी उचललं आणि ते कुठल्या गावाला गेलं, हे लिहून सही केल्याशिवाय थेंबभरही पाणी हलायचं नाही. वयाच्या पंचविशीत एवढा अधिकार मिळाला की माणूस बिघडतो. मी बिघडलो होतोच.

चाकूरच्या पुढे डोंगराची एक धार आहे. तिच्या पलीकडे, खाली खोलगटात एक वाडी होती. आपल्यापुरतं तिला खालची वाडी म्हणू. तिथल्या विहिरीला माघातच गाळ लागला होता. टँकरचा ट्रक त्या वाटेवर वळत नव्हता. ट्रॅक्टर का नाही, असं कुणीही विचारील. ट्रॅक्टर होते, पण एका खेपेला दिवस खाणारे. आणि साहेबांना अशी गाडी हवी होती, जी पाण्याची ट्रॉलीही ओढेल आणि दौऱ्यावर साहेबांनाही नेईल. म्हणून चारी चाकांना जोर असलेली डिझेल जीप घ्यायची ठरली. तिने हजार लिटरची टाकी डोंगरावर चढवावी, पलीकडे उतरवावी, आणि डिझेल कमीत कमी प्यावं. निवड करायचं काम मिस्त्रींवर आलं. ते रोजंदारीवर होते, पण आवारात त्यांच्याइतकं गाड्यांचं कळणारा दुसरा कुणी नव्हता.

मिस्त्रींनी दवाखान्यातून सलाईनची एक रिकामी काचेची बाटली मागून आणली. तिच्यावर कागदाची पट्टी डकवून रेघा मारल्या. गाडीची डिझेलची टाकी बंद करायची, बाटली समोरच्या काचेशी टांगायची, तिच्यातून नळी इंजिनाला द्यायची आणि परतीची नळीही त्याच बाटलीत सोडायची, म्हणजे चोरी नको. लिटरला किती किलोमीटर, हा हिशेब त्यांना मान्यच नव्हता. "किलोमीटर कोण पिणार हाय?" ते म्हणायचे. त्यांचं माप वेगळं होतं. एका बाटलीत किती घागरी डोंगरावर चढल्या? चाचणीच्या सुरुवातीला साहेब हौसेने जीपमध्ये बसले, तर मिस्त्री म्हणाले, "साहेब, तुमी उतरा. तुमचं वजन घागरीत धरलेलं न्हाई." साहेब उतरले, पण ते त्यांनी लक्षात ठेवलं.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक जुन्या बांध्याची, जड, मूळची पेट्रोलची आणि मागाहून डिझेल इंजिन बसवलेली. पत्रा चेचलेला, रंग उडालेला. दुसरी कोरी करकरीत, हलकी, आत रेक्झिनच्या गाद्या. चाचणीला वजन कशाचं ठेवायचं हा प्रश्न आला. टाकीत पाणी भरायचं कुणाच्या मनातही आलं नाही. विहिरीवर बाया पहाटेपासून भांडी मांडून बसलेल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत हजार लिटर पाणी उपसून ते नुसतं डोंगरावर फिरवून आणायचं? मग टाकी उतरवली आणि ट्रॉलीवर मुरमाची पोती रचली. आडतीतल्या काट्यावर एकेक पोतं तोलून, बरोबर पाण्याच्या वजनाइतकी. दोन दिवस मिस्त्री दगड घेऊन ट्रॉलीमागे चढले आणि उतरले. नवी गाडी एका बाटलीत चार घागरी जास्त चढवत होती.

साहेबांनी तो आकडा बघितला आणि टेबलावर हात आपटला. "झालं तर! तुमच्याच बाटलीने सांगितलं."

"बाटलीनं चढ सांगितला साहेब," मिस्त्री म्हणाले. "उतार न्हाई सांगितला. नवी गाडी वजनाला हलकी हाय. ओढणारा हलका आन वझं जड असलं की उतारावर वझंच गाडीला ढकलाय लागतंय."

"पोती घेऊन उतरली ना नीट?"

"पोती हलत न्हाईत. पाणी हलतंय."

साहेबांनी फाईल बंद केली. त्या दुपारी मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. एरवी ते तसं कधी करत नसत.

"भाऊसाहेब, एक काम हाय. मला अर्धी टाकी पाणी पायजे."

"कशाला?"

"नव्या गाडीला लावून उतारावर एकडाव बघायचंय. भरल्या टाकीची मला भीती न्हाई, पाण्याला हलाय जागा नसती. अर्ध्या टाकीची हाय. साहेबांना तिथं उभं करून दाखवतो. दिसलं की ते आपूनच जुनी गाडी घेतेत."

मी पावतीपुस्तक उघडलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "गावाचं नाव लागतं इथे. कुठल्या गावाचं लिहू? चाचणी नावाचं गाव आपल्या जिल्ह्यात नाही, मिस्त्री."

ते हसले. "नवा जिल्हा हाय. घाला की एक गाव."

मी हसलो नाही. "लोक मारतील आपल्याला."

"पाणी सांडायलाव का मी? उतरून झालं की वाडीलाच देऊ."

"गाडी अजून ताब्यात नाही. चाचणीच्या गाडीने पाणी वाटता येत नाही. नियम आहे."

त्यांनी फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं आणि गेले. पावतीवर सरळ खालच्या वाडीचं नाव घातलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. हे मला नंतर सुचलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला ते टेबलाशीच सुचलं होतं. पण साहेबांनी बंद केलेली फाईल आपण कशाला उघडायची, असा विचार मी केला आणि त्याला पाण्याच्या काळजीचं नाव दिलं.

नवी गाडी आली. ती चालवायला मौलाभाई. बुटका, हसरा, तोंडात सदा बडीशेप. पहिल्या खेपेच्या दिवशी गाडीला हार घातला. मिस्त्रींनी बॉनेटला भस्म लावलं आणि आपला काळा दगड घेऊन धारेच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. तिथवर ते चाकूरहून चालत आले होते. मौलाभाई त्यांना बघून हसले. "मिस्त्री, तुम फत्तर लेके पीछे हो, तो मेरेकू क्या डर?"

टाकी काठोकाठ भरलेली होती. गाडी झकास चढली. धारेवर एक तांडा आहे. तिथे पन्नास-साठ माणसं वाट अडवून उभी होती. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. नुसती घागरी खाली ठेवून उभी. एका म्हातारीने गाडीच्या चाकाशीच बसकण मारली. मी पावत्या घेऊन गाडीत होतो, खाली उतरलो. या लोकांचंही पाणी महिनाभर आलेलं नव्हतं, आणि ते मलाच ठाऊक होतं. मी मौलाभाईंना नळ सोडायला सांगितला.

मिस्त्री चढ चढून तोवर वर पोहोचले. टाकीच्या पत्र्यावर बोटाने वाजवत वाजवत त्यांनी पाणी कुठवर उतरलंय ते बघितलं आणि माझ्याकडे आले.

"भाऊसाहेब, आता सगळंच देऊन टाका हितं. आर्धी टाकी खाली नेऊ नका."

"वाडीत काय सांगू? पहाटेपासून बसलेत ते."

"दुसरी खेप करू. दिवस पडलाय आजून."

"दुसऱ्या खेपेची पावती नाही," मी म्हणालो.

आणि तिथे उभ्या उभ्या, त्याच नव्या गाडीच्या बॉनेटवर पुस्तक ठेवून, मी तांड्याच्या नावाची पावती फाडली. अर्धी टाकी. गावाचं नाव लिहायला मला तेव्हा क्षणभरही अडचण आली नाही.

मिस्त्रींनी मौलाभाईंच्या खिडकीशी जाऊन तेवढं सांगितलं, "पैल्या गिअरात सोड. ब्रेकला पाय लावू नको. वळणावर बी नको." मौलाभाईंनी मान हलवली. मी सह्या घ्यायला तांड्यातच थांबलो, म्हणून आज हे लिहायला आहे.

वरून सगळं दिसत होतं. गाडी हळूहळू उतरत होती, मागे दगड घेऊन मिस्त्री. दुसऱ्या वळणावर वाटेत एक शेरडू आलं. मौलाभाईंच्या जागी कुणीही जे केलं असतं तेच त्यांनी केलं, पाय दाबला. गाडी थांबली. टाकीतलं पाणी थांबलं नाही. ते पुढे धावलं आणि ट्रॉलीने जीपच्या पाठीत धक्का दिला, तो इतका सावकाश की मला वाटलं सावरेल. जीपचं मागचं अंग उचललं गेलं, आडवं झालं. मिस्त्री धावले, दगड चाकाखाली टाकला. चाक दगडावरून उडी मारून गेलं. मग जीप आणि ट्रॉली दोन्ही ओघळीत गेल्या, जीप खाली आणि टाकी तिच्यावर.

मी पोहोचलो तोवर खालून वाडीतली माणसं वर आली होती. सगळ्यांनी मिळून जीप कलती केली, मौलाभाईंना बाहेर काढलं. त्यांच्या तोंडात बडीशेप तशीच होती. मिस्त्रींनी आपल्या फडक्याने त्यांचा चेहरा पुसला आणि तेच फडकं वर पांघरलं. वाडीतल्या बाया घागरी घेऊन थोड्या लांब उभ्या होत्या. टाकीत अजून पाणी होतं आणि नळाच्या तोंडातून ते बारीक धारेने मातीत जात होतं. त्या बायांनी पाण्याकडे बघितलं, मौलाभाईंकडे बघितलं, आणि खाली माना घातल्या. एकही पुढे येईना.

मिस्त्रींनी टाकीला खांदा लावून ती थोडी कलती केली. "भरा," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच आणलंय त्यानं."

मग त्या आल्या. रांगेत. मी आयुष्यात कुणाला इतक्या शांतपणे पाणी भरताना कधी बघितलं नाही.

चौकशी झाली, मिस्त्रींची रोजंदारी बंद झाली. त्यांनी सांगितलेली जुनी, चेचलेली जीप भाड्याने आणली गेली आणि तिने तो उन्हाळा निभावला. डिझेल जास्त प्यायली, पण कुणी काही बोललं नाही. वर्कशॉपच्या दारातला मिस्त्रींचा दगड मी ओघळीतून शोधून आणायला हवा होता, तोही आणला नाही.

बऱ्याच वर्षांनी माझी बदली नांदेडला झाली. अर्धापूरच्या रस्त्याने जाताना केळीच्या घडांनी भरलेली एक ट्रॉली पुलाचा चढ चढत होती आणि तिच्यामागे एक म्हातारा हातात दगड घेऊन चालत होता. मी गाडी थांबवली. उतरून समोर उभा राहिलो. त्यांनी आधी माझ्या गाडीच्या मागे जाऊन हुक हलवून बघितला, मग मला ओळखलं.

"हुक ढिला हाय भाऊसाहेब. घट्ट करून घ्या."

"मिस्त्री, त्या पावतीचं..." मी सुरुवात केली. पुढचं मी कित्येकदा मनात घोकलेलं होतं.

त्यांनी माझ्या खांद्यावर तळवा ठेवला. "साकू," म्हणाले. ट्रॉली पुढे गेली होती. ते दगड सावरत तिच्यामागे चालायला लागले. त्यांनी मला माफ केलं, की बोलणं नको म्हणून थांबवलं, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

त्या चौकशीचं मी वर एका ओळीत आटोपलं. ते मुद्दाम.

वरून एक वयस्कर अधिकारी आले होते. सभ्य माणूस, आवाज न चढवणारा. माझं अक्षर चांगलं म्हणून जबाब लिहून घ्यायला मला बसवलं. मिस्त्रींना समोरच्या लंगड्या खुर्चीवर बसायला सांगितलं, ते उभेच राहिले. खांद्यावर फडकं नव्हतं. पूर्ण नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.

"चाचणी कशावर घेतली?"

"मुरमाच्या पोत्यांवर."

"पाणी भरून का घेतली नाही?"

माझं पेन थांबलं. मी मान वर केली नाही. मला त्यांची पावलं तेवढी दिसत होती, धुळीने पांढरी झालेली.

"सुचलं न्हाई साहेब."

"एवढा अनुभव आणि हे सुचलं नाही? पाणी कुणाकडे मागितलं होतं का?"

"न्हाई. मागितलं न्हाई."

अधिकारी माझ्याकडे वळले. "लिहिलंत?"

"हो सर," मी म्हणालो.

मिस्त्रींनी अंगठा नाही, सही केली. मोडी वळणाची, हळूहळू. ते बाहेर पडले तसा मी मागे धावलो. जिनिंगच्या फाटकाशी गाठलं. "मिस्त्री, हे काय केलंत तुम्ही?"

"उद्याच्या पावत्या कोण लिव्हणार?" ते म्हणाले. "तुमच्या सहीवर इतकी गावं पाणी पेतेत. तुमाला घरी बसवलं तर नवा माणूस यीपर्यंत आठ दिवस जातेत. माझ्या सहीवर कोण पाणी पेतंय?" आणि जाता जाता, जणू नट घट्ट करायला सांगावं तसं, "मौलाच्या घरी जाऊन या. मी काल जाऊन आलोय."

फाटक उघडं होतं. ऑफिसचं दारही उघडं होतं, आणि अधिकारी अजून आतच बसले होते, चहा पीत. मी परत आलो. ते म्हणाले, जबाबाच्या तीन प्रती लागतील, कार्बनचा कागद आहे का? नव्या जिल्ह्यात कार्बन अजून आला नव्हता. मग मी त्या हाताने केल्या. तिन्ही प्रतींत मी स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं, 'चाचणीसाठी पाणी मागितले नव्हते.' कुठेही खाडाखोड नाही.